मोहरीलसाहेबांचं डावं-उजवं

मोहरीलसाहेबांनी आपल्या नोकरीत हजारो माणसांची हाडं पाहिली, पण एकाही माणसाला हात लावला नाही. त्यांच्या हातात कायम एक लाकडी फूटपट्टी असे. छातीचा एक्स-रे असला की पट्टीच्या टोकानं रोग्याची हनुवटी वर करायची, खांद्याचा असला की पट्टीनं दंड मागे ढकलायचा, गुडघ्याचा असला की पट्टी पोटरीखाली सरकवून पाय हवा तसा वळवायचा. रोगी गेला की स्पिरिटच्या बोळ्यानं पट्टी पुसायची. दुखऱ्या सांध्याला लाकूड लागलं की माणूस कळवळे, मग पट्टी हवेत धरून ते म्हणत, "हिलो मत." हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून जितक्यांदा ऐकले तितक्यांदा दुसरं काहीच ऐकलं नाही.

ही गोष्ट जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या दवाखान्यातली. मी नागपुरात एक्स-रेचं शिक्षण घेऊन जबलपुरातच अधारतालला आईवडिलांकडे परत आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. कामगारांच्या बायका परक्या पुरुषापुढे पदर बाजूला करायला तयार नसत, छातीच्या तपासणीला त्या यायच्याच बंद झाल्या होत्या, म्हणून दवाखान्याला एक बाई हवी होती. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला आणि आडनावावरून ओळखून मोहरीलसाहेबांशी मराठीत बोलले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यहाँ मराठी नहीं चलती, मिस देशकर. ये सरकारी जगह है." हे गृहस्थ मूळचे उमरेडचे. त्यांची आई त्यांना बंड्या म्हणून हाक मारायची, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या की बंड्याला मराठी समजेनासं होई.

त्यांचा हुद्दा टेक्निशियनचा. तरी 'डॉक्टरसाब' म्हणणाऱ्याचा नंबर आधी लागे आणि 'भैया' म्हणणारा बाकावर बसून राही. कामगार हुशार, दोन खेपांत शिकत. खरे डॉक्टर दारात आले की मात्र मोहरीलसाहेब असे ताठ उभे राहत की आता हे स्वतःच्याच हनुवटीला पट्टी लावतात की काय असं वाटे. मोठ्यांपुढे वाकायचं आणि लहानांना वाकवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं आणि त्यात ते पारंगत होते.

याच माणसाला मराठी मंडळींच्या गणपतीत पाहावं. सदर बाजारात मांडव पडला की साहेब गळ्यात उपरणं घालून व्यासपीठावर. परप्रांतात मायमराठीचा दिवा आपण जपला पाहिजे, असं दर वर्षी ठासून सांगत आणि सांगताना उपरण्याचं टोक डोळ्यांना लावत. पुढच्या खुर्च्यांवर अधिकाऱ्यांच्या बायका माना डोलवत. मागे सतरंजीवर भंडाऱ्या-गोंदियाकडचे कामगार मांडी घालून बसलेले असत. त्यातल्या दोघातिघांनी त्याच आठवड्यात एक्स-रेच्या खोलीत "हिंदी में बोलो" ऐकलेलं असे. तेही टाळ्या वाजवत. मला त्यांचाही राग यायचा, पण मोहरीलसाहेबांचा जास्त यायचा.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर पाप लागेल. त्यांच्या प्लेटा अप्रतिम असत. बरगड्यांची एकेक कड चाकूनं कोरल्यासारखी स्वच्छ दिसे. मशीन जुनं, वीज कधी वर कधी खाली, तरी प्लेट बिघडलेली मी क्वचितच पाहिली. ओली प्लेट उजेडापुढे धरून ते स्वतःशीच म्हणत, "शीशा है, शीशा." त्या वेळी त्यांचा चेहरा चक्क प्रेमळ दिसे. त्या प्लेटेतला माणूस बाहेर बाकावर कण्हत असे, त्याच्याकडे त्यांनी कधी असं पाहिलं नाही. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "हड्डी झूठ नहीं बोलती, आदमी बोलता है." हे वाक्य ते डॉक्टरांना ऐकवत, नर्सला ऐकवत, आणि ज्याचं हाड मोडलंय त्यालाही ऐकवत.

बायकांचं काम माझ्याकडे आलं आणि आमची पहिली खडाजंगी झाली ती मंगळसूत्रावरून. छातीच्या प्लेटेवर मणी उमटतात, डाग आहे की मणी ते कळत नाही, म्हणून गळा मोकळा लागतो. बायका काही केल्या गळ्यातून काढायच्या नाहीत. माझ्या आधी मोहरीलसाहेब दारातूनच सांगायचे, उतारो नहीं तो घर जाओ. बायका घरी जायच्या आणि खोकत बसायच्या. मी एक युक्ती काढली. गळ्यातून काढायचं आणि तिथल्या तिथे तिच्याच मनगटाला गुंडाळायचं. अंगावरून उतरलं नाही म्हणजे झालं. थंडीच्या दिवसांत फिल्मची लोखंडी पेटी बर्फासारखी गार लागे, ती छातीला लावण्याआधी मी हातांनी चोळून घ्यायची. साहेबांनी हे पाहिलं आणि नर्सला म्हणाले, "इनको टेक्निशियन नहीं, मौसी बनना था." मी ऐकलं आणि पुढच्या बाईसाठी पेटी चोळायला घेतली. त्या आठवड्यात मात्र छातीच्या तपासणीला बायकांची रांग लागली आणि त्या कामाबद्दल मोठ्या डॉक्टरांनी कौतुक मोहरीलसाहेबांचं केलं. त्यांनी ते घेतलं.

मग एकाहत्तरचं साल आलं. फॅक्टरीचा भोंगा वेळीअवेळी वाजू लागला, पाळ्या लांबल्या, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. आमच्या खिडक्यांना काळा कागद लागला. माणसं थकून जायची, पेट्या उचलताना पडायची, बोटं चेमटवून घ्यायची आणि आमच्याकडे यायची. मोहरीलसाहेबांना युद्ध फार मानवलं. कुठूनसा एक खाकी स्वेटर आणून त्यांनी अंगात घातला आणि तो उतरवेनात. फिल्मचा पुरवठा कमी झाला होता हे खरं, पण त्यांनी त्याचं देशकार्यच करून टाकलं. लंगडत येणारा प्रत्येक जण सुट्टीसाठी नाटक करतोय आणि ते नाटक पकडणं ही आपली लढाई, अशी त्यांची समजूत झाली. "सरहद पे जवान मर रहा है और इनको कमर दुख रही है," असं ते खोलीत मोठ्यानं म्हणत. त्यांची सरहद म्हणजे आमच्या खोलीचा उंबरठा.

पुढची गोष्ट सांगण्याआधी जबलपूरच्या मराठी घरातला एक जुना विनोद सांगायला हवा. आपला डावा आणि हिंदीतला दायाँ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण आहेत अगदी उलटे. डावा म्हणजे बायाँ, आणि दायाँ म्हणजे उजवा. माझी आई चाळीस वर्षं इथे राहिली तरी रिक्शावाल्याला घाईत "भैया, डावे लेना" म्हणायची आणि रिक्शा उजवीकडे वळायची. मदन महालला मावशीकडे निघालेले आम्ही एकदा भलत्याच वस्तीत पोचलो होतो. हिंदी बोलायचं दडपण आलं की आपला माणूस डावाच थोडा वाकवून 'डाया' करतो आणि समजतो की झाली हिंदी. लग्नकार्यात यावर आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो.

रामाजी नेवारे भंडाऱ्याकडचे, पेट्या भरण्याच्या विभागात होते. पन्नाशीला आलेले, बारीक, कमी बोलणारे. पेट्यांच्या गाडीवरून ते कमरेवर पडले आणि दुसऱ्या दिवशी भिंत धरत आमच्याकडे आले. तपासणाऱ्या डॉक्टरांकडे त्या दिवशी झुंबड होती. त्यांनी चिठ्ठीवर इंग्रजीत खुब्याचा एक्स-रे एवढंच लिहिलं, बाजू लिहायची राहिली. मी डार्करूममध्ये आधीच्या प्लेटा धूत होते. मधलं दार पातळ फळीचं, बाहेरचं सगळं ऐकू यायचं.

साहेबांनी विचारलं, "कौन सा?"

"साहेब, माह्या हा डावा..."

"हिंदी में बोलो. दायाँ कि बायाँ?"

मग रामाजी चाचरत म्हणाले, "डाया, साहेब. डाया पैर."

मी पाण्यात हात घालून उभी होते. मला त्याच क्षणी कळलं. त्यांना टेबलावर निजवल्याचा आवाज आला, मशीन सरकवल्याचा आला. मग रामाजींचा आवाज, "साहेब, इकडून नाही, त्या..." आणि त्यावर पट्टी टेबलावर आपटल्याचा आवाज आणि ते दोन शब्द. मोठी फिल्म लावली असती तर दोन्ही खुबे एकाच प्लेटेत आले असते, आणि कुणी काय म्हटलं याला अर्थच उरला नसता. पण साहेबांनी फिल्म वाचवली. लहान फिल्म लावली, एकाच बाजूची, आणि कोपऱ्यात शिशाचं उजव्या बाजूचं अक्षर ठेवून दिलं.

मी दार उघडून बाहेर यायला हवं होतं. दोन पावलांचं अंतर होतं. हातातल्या प्लेटा खराब होतील असं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. माझी नोकरी कच्ची होती आणि ती पक्की करण्याचा कागद त्याच आठवड्यात मोहरीलसाहेबांच्या शेऱ्यासाठी त्यांच्या टेबलावर येऊन पडला होता. मी ती प्लेट माझ्या हातांनी धुतली. उजवा खुबा, लख्ख, कुठे चीरसुद्धा नाही. रामाजी निघून गेल्यावर मी साहेबांना विचारलं की दुसऱ्या बाजूचीही एक घेऊ का, कदाचित ते डावा म्हणत असतील. त्यांनी कागदातून मान वर केली नाही. "फिल्म आपके घर से आती है क्या?" एवढंच म्हणाले. मी पुढच्या रोग्याला हाक मारली.

प्लेट दुसऱ्याच डॉक्टरांनी पाहिली. हाडाला इजा नाही, कामावर हजर व्हावे, असा शेरा पडला. रामाजींच्या विभागात त्यांना 'लंगड्या नाटक्या' म्हणू लागले. ते दिवसभर उभं राहून पेट्या भरत. सहाव्या दिवशी उभ्याउभ्याच कोसळले. स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा डावा पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला पडला होता. प्लेट मी घेतली, दोन्ही खुब्यांची, आणि त्यांना हलवायला मी आणि नर्सनं आमचे हात त्यांच्या पाठीखाली घातले. डाव्या मांडीच्या हाडाची मान आधी नुसती चिरली असणार. सहा दिवस त्यावर उभं राहून ती साफ निसटली होती. त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं, ऑपरेशन झालं, पाय कायमचा दोन बोटं आखूड राहिला.

चौकशी झाली, म्हणजे एक डॉक्टर खुर्ची टाकून बसले आणि अर्ध्या तासात उठले. मोहरीलसाहेब खाकी स्वेटरमध्ये उभे राहून म्हणाले की रोग्यानं स्वतः दायाँ सांगितलं, मी काय ज्योतिषी आहे? त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. रामाजींना मोठ्या दवाखान्यात खाटेवर विचारलं गेलं. ते म्हणाले, म्हणालो असेन. मग डॉक्टरांनी मला विचारलं की तुम्ही काही ऐकलं का. मी सांगितलं, "मी डार्करूममध्ये होते." वाक्य शंभर टक्के खरं होतं. चूक रोग्याची ठरली. महिनाभरात माझी नोकरी पक्की झाली आणि साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं, कामात शिस्तप्रिय.

त्यानंतर मी रोग्याला डावं-उजवं विचारणं सोडूनच दिलं. दुखतं तिथे स्वतःचा हात ठेवा म्हणते आणि त्या हातावर माझा हात ठेवून मगच मशीन सरकवते. नव्या मुलींना मी हेच पहिलं शिकवलं. मोहरीलसाहेब यालाही हसायचे. त्यांच्यात मात्र तसूभर फरक पडला नाही. उलट त्या प्रसंगाचा त्यांनी एक किस्सा करून टाकला आणि नव्या डॉक्टरांना ते तो चवीनं सांगत: हे अनपढ लोक, यांना आपला पाय कुठला हेसुद्धा माहीत नसतं. पुढच्या भाद्रपदात मांडवात त्यांनी पुन्हा मायमराठीचा दिवा पेटवला. मी उठून निघून आले, आणि याहून जास्त काही केलं नाही.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात निरोप समारंभ झाला. आमच्याकडे रीत अशी, की जाणाऱ्यानं हात जोडून मागे राहणाऱ्यांना म्हणायचं, कहा-सुना माफ करना. इतक्या वर्षांत तोंडून काही वावगं गेलं असेल, ऐकण्यात चूक झाली असेल, तर पोटात घाला. दवाखान्याचा झाडूवालासुद्धा जाताना म्हणून गेला होता आणि आम्ही सगळे रडलो होतो. मोहरीलसाहेब पाऊण तास बोलले. आपल्या प्लेटांबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले, युद्धात आपण किती फिल्म वाचवली ते बोलले. हार घातले गेले आणि ते बसले. ते चार शब्द त्यांना सुचले नाहीत.

तेव्हा मागून रामाजी आले. त्यांना सायकल स्टँडवर बिल्ले देण्याचं, बसून करायचं काम मिळालं होतं. काठी टेकत ते पुढे आले, काठी भिंतीला लावली आणि मोहरीलसाहेबांपुढे हात जोडून स्पष्ट हिंदीत म्हणाले, "साहब, कहा-सुना माफ करना."

त्या व्हरांड्यात तो प्रसंग माहीत नसलेला कुणी नव्हता. मला वाटलं आता तरी या माणसाला लाज वाटेल, आता तरी उठेल. मोहरीलसाहेबांनी पेढा तोंडात टाकला, तो संपवला आणि म्हणाले, "चलो, माफ किया. आगे से साफ बोला करो."

पुढे ते नागपूरला गेले आणि तिथेच वारले असं कानावर आलं. दवाखान्यात दोन मिनिटं उभे राहिले सगळे. मी त्या दिवशी रजेवर होते, आणि नसते तरी बसूनच राहिले असते.

पण त्या समारंभाच्या दिवशी रामाजी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा मी त्यांच्या मागे धावले. मला रडू येत होतं ते रागानं. मी म्हणाले, "रामाजी, तुम्ही काहून माफी मागितली? चूक तुमची नव्हती."

ते कठड्याला धरून थांबले. "जाणाऱ्या माणसानं म्हणाचं असते, बाई. ते नाही म्हणले, म्हणून मी म्हणलो. कोणीतरी म्हणलं पाह्यजे ना."

"पण तुम्ही डावाच म्हणत होता. मी ऐकलं होतं."

इतक्या वर्षांनी मी ते पहिल्यांदा तोंडातून काढलं. रामाजींना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी एक पायरी उतरून दुसरा पाय तिच्यावर आणला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "पहिल्यांदा दवाखान्यात आलो तवाच कोणीतरी सांगतलं होतं का आत मराठी बाई हाय म्हणून. टेबलावर पडून मी त्या दाराकडेच पाहून राहिलो होतो. मले वाटलं, बाई येईन भायेर."

एवढं म्हणून ते गेले. सायकल स्टँड उघडं टाकून आले होते, पाळी सुटायची वेळ झाली होती. मी पायऱ्यांवर उभी राहिले आणि वर व्हरांड्यात मोहरीलसाहेबांबरोबर फोटो काढायला सगळे मला हाका मारत होते. मी वर गेले आणि फोटोत उभी राहिले, त्यांच्या अगदी शेजारी. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मोहरीलसाहेबांबद्दल मी आजही एक चांगला शब्द काढत नाही, आणि काढणारही नाही. फक्त आता कुणी मला विचारलं की एवढा वाईट होता तर तुम्ही बोलला का नाहीत, तर मी डार्करूममध्ये होते, असं सांगत नाही.